व्युत्पत्ती म्हणजे सातबारा नव्हे

आषाढी जवळ आली की दिंड्यांबरोबर एक वादही दरवर्षी पंढरीची वाट धरतो. ‘विठ्ठल’ हे नाव मुळात कोणाचे? एक पक्ष सांगतो की शब्द शुद्ध संस्कृत आहे, त्याच्या प्रत्येक अक्षरात अर्थ भरलेला आहे आणि म्हणून हा देव पहिल्यापासून वैदिक परंपरेतलाच. दुसरा पक्ष तितक्याच ठामपणे सांगतो की शब्द कानडी आहे, म्हणून देव दक्षिणेतल्या पशुपालकांचा, आणि संस्कृताचा मुलामा हा पुढे पुरोहितांनी चढवलेला. तिसरा पक्ष ‘विठ्ठल’ बाजूला ठेवून ‘पांडुरंग’ हातात घेतो आणि बुद्धापर्यंत पोचतो. (‘ठ’च्या उच्चाराने हृदयाला बळ मिळते, असाही एक मजकूर या दिवसांत मोबाइलवरून फिरत असतो; त्याला वादात धरण्याचे कारण नाही.) हे तिन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडत असले तरी एका गृहीतावर त्यांचे पूर्ण एकमत आहे. ज्या भाषेतून शब्द आला त्या भाषेच्या लोकांचा देव, आणि ज्यांचा देव त्यांचीच त्याच्यावर मालकी, असे ते गृहीत आहे.

माझ्या मते हे गृहीतच चुकीचे आहे. व्युत्पत्ती हा शब्दाच्या प्रवासाचा पुरावा असतो, देवाच्या मालकीचा सातबारा नसतो. शिवाय ‘विठ्ठल’ या शब्दापुरते बोलायचे तर ज्याला आपण त्याची संस्कृत व्युत्पत्ती म्हणतो, त्यातला बराचसा भाग व्युत्पत्ती नसून निर्वचन आहे, म्हणजे नाव आधी हाती आले आणि मग भक्तीने वा पांडित्याने त्यात अर्थ पाहिला. निर्वचन खोटे असते असे मी म्हणत नाही, परंतु ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असते.

हा भेद आपल्याला कोणा युरोपीय पंडिताने शिकवलेला नाही. वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या यास्काच्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथात हा वाद रंगलेला आहे. सगळी नामे धातूंपासूनच निघतात, असे शाकटायनाचे आणि निरुक्तकारांचे मत. सगळी नाहीत, असे गार्ग्याचे आणि काही वैयाकरणांचे. गार्ग्याचा आक्षेप आजही ऐकण्यासारखा आहे. ‘अश्व’ हे नाव वाट आक्रमण्याच्या क्रियेवरून पडले असेल, तर जो जो म्हणून वाट चालतो त्या प्रत्येकाला अश्व का म्हणू नये? यास्क त्याला उत्तर देतो आणि पुढे स्वतःचा नियमही सांगतो. अर्थावर नजर ठेवून शब्दाची परीक्षा करावी, रूपात पुरेसे साम्य नसेल तर एखाद्या अक्षराच्या साम्यावरूनही निर्वचन करावे, ‘न त्वेव न निर्ब्रूयात्’, पण निर्वचन केल्यावाचून राहू नये. हा नियम इतिहासकाराचा नाही. वेदमंत्रातल्या शब्दाने काही सांगितलेच पाहिजे, या श्रद्धेने बसलेल्या अभ्यासकाचा तो नियम आहे. म्हणूनच यास्क ‘रुद्र’ शब्दाची एक नव्हे, तीन निर्वचने शेजारी शेजारी ठेवतो: गर्जतो म्हणून, गर्जत धावतो म्हणून किंवा रडवतो म्हणून. तैत्तिरीय संहिता चौथेच सांगते, की तो रडला, आणि तेच त्याचे रुद्रत्व. इतिहासाच्या दृष्टीने एका शब्दाच्या चार उगमांपैकी फार तर एक खरा असू शकतो. निर्वचनाच्या दृष्टीने चारही एकत्र नांदू शकतात, आणि नांदलेही.

महाभारताच्या उद्योगपर्वात संजय धृतराष्ट्राला कृष्णाच्या नावांचे अर्थ सांगतो, तिथेही हेच घडते. ‘कृषि’ म्हणजे सत्ता आणि ‘ण’ म्हणजे आनंद, या दोहोंच्या योगाने तो कृष्ण. ‘कृष्ण’ या शब्दाचा साधा अर्थ काळा असा आहे, हे त्या श्लोकाच्या कर्त्याला ठाऊक नव्हते काय? अर्थात ठाऊक होते. त्याला रंग सांगायचा नव्हता, तत्त्व सांगायचे होते.

आता विठ्ठलाकडे येऊ. धर्मसिंधुकार काशीनाथशास्त्री उपाध्ये, म्हणजे पंढरपूरचे बाबा पाध्ये, यांनी अठराव्या शतकात या नावाची फोड केली ती अशी: ‘विदा ज्ञानेन ठान् शून्यान् लाति गृह्णाति’, जे ज्ञानाने शून्य आहेत त्यांनाही जो जवळ घेतो तो विठ्ठल. अर्थ म्हणून हे सुंदर आहे. पण ‘ठ’ म्हणजे शून्य आणि ‘ल’ म्हणजे घेणे अशा तुकड्यांतून मुळात हे नाव कोणी घडवले असेल, यावर विश्वास ठेवणे मला तरी शक्य नाही. तुकोबांनी याच खेळात एक फटका मारून ठेवला आहे: ‘वीचा केला ठोबा, म्हणोनि नांव विठोबा’. वि म्हणजे पक्षी, अर्थात गरुड. त्याला ज्याने वाहन केले तो विठोबा. शास्त्रीबुवांचे निर्वचन संस्कृतात आहे आणि तुकोबांचे मराठीत, एवढाच या दोहोंत फरक, जात एकच. तरीही आज पहिल्याला ‘शास्त्रीय व्युत्पत्ती’ म्हणून मांडले जाते आणि दुसऱ्याला ‘संतांची कोटी’ म्हणून सोडून दिले जाते, हे मला गमतीचे वाटते.

यापेक्षा भक्कम असे दोन पर्याय आहेत आणि विरुद्ध पक्षाचे खरे बळ त्यांत आहे. पहिला इतिहासाचार्य राजवाडे यांचा. पाणिनीच्या ‘विकुशमिपरिभ्यः स्थलम्’ या सूत्राने ‘वि’ आणि ‘स्थल’ मिळून ‘विष्ठल’ असे रूप होते. विष्ठल म्हणजे दूरचे, रानातले स्थळ, आणि तिथला देव तो विठ्ठल. ध्वनीच्या हिशेबाने ही वाट अगदी सरळ आहे. ‘ज्येष्ठ’चे प्राकृतात ‘जेट्ठ’ आणि मराठीत ‘जेठ’ होते, ‘श्रेष्ठी’चे ‘सेट्ठि’ आणि मग ‘शेट’ होते, त्याच न्यायाने ‘विष्ठल’चे ‘विठ्ठल’ होईल. अडचण ध्वनीची नाही, व्यवहाराची आहे. व्याकरणाच्या सूत्राने सिद्ध होणारा शब्द लोकांच्या तोंडी होता आणि तो या देवाला लावला जात होता, याचा दुवा कुठे आहे? सूत्रातून शब्द निघू शकतो एवढ्यावरून तो निघालाच होता असे ठरत नाही.

दुसरा पर्याय रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा. ‘विष्णु’ या संस्कृत शब्दाचे कानडीत ‘बिट्टि’ असे रूप झाले, त्यावरून ‘विट्ठु’ झाले आणि त्याला ‘ल’ किंवा ‘बा’ हे आदराचे वा लडिवाळपणाचे प्रत्यय लागून विठ्ठल, विठोबा ही नावे आली, असे त्यांचे म्हणणे. बाराव्या शतकातला होयसळ राजा विष्णुवर्धन याचे दुसरे नाव बिट्टिदेव होते, हा त्याला मोठाच आधार आहे. माझा कौल या मताकडे झुकतो आणि त्याचे कारण ‘कृष्ण’ शब्दाच्या वागण्यात आहे. आपल्याकडच्या प्राकृतांत ‘ष्ण’चा ‘ण्ह’ होतो: कृष्णचा कण्ह आणि मग कान्हा, उष्णचे उण्ह आणि मग ऊन. त्या नियमाने विष्णूचा ‘विण्हु’ झाला, ‘विठू’ होण्याची काहीच सोय नव्हती. दक्षिणेत मात्र कृष्णाला लाडाने ‘किट्टु’, ‘किट्टि’ म्हणतात. जिथे कृष्णाचा किट्टि होतो तिथे विष्णूचा बिट्टि होणे स्वाभाविक आहे. म्हणजे शब्द संस्कृत असला तरी तो मराठीत कानडीच्या दारातून आला असावा. कानडी ‘ट’चा मराठीत ‘ठ’ का झाला, हा प्रश्न या मताला सहजासहजी सुटत नाही आणि तो दडवण्यातही अर्थ नाही. म्हणून मी ‘कौल झुकतो’ एवढेच म्हणतो.

पण क्षणभर असे धरू की भांडारकर पूर्णपणे बरोबर आहेत. मग जिंकले कोण? शब्दाचे मूळ संस्कृत, म्हणून पहिला पक्ष टाळ्या वाजवील. शब्दाची घडण कानडी, म्हणून दुसरा पक्षही वाजवील. एकाच पुराव्यावर दोन्ही पक्ष जिंकत असतील, तर तो पुरावा त्यांच्या वादाचा नाहीच, हे उघड नाही काय? विष्णूचे नाव एखाद्या गोपालकांच्या देवाला मागाहून मिळाले असू शकते. उलट देव विष्णूचाच असून त्याला लोकांनी घरगुती नाव दिले असू शकते. शब्द दोन्ही शक्यतांना सारखाच साक्षी राहतो. त्यांतली खरी कोणती हे मूर्तीची ठेवण, शिलालेख, यात्रेतले विधी आणि यात्रेला येणारे समाज सांगतील. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचे नाते धनगर-गवळ्यांच्या विठ्ठल-बीरप्पा या जोडदेवांशी लावले, ते केवळ शब्दाच्या बळावर नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला आजही विठ्ठल आणि बिरदेव एकत्र पुजले जातात आणि धनगरांची मोठी यात्रा भरते. असले जिवंत पुरावे त्यांच्या मांडणीत जागोजागी आहेत. त्यांचा निष्कर्ष कोणाला पटो न पटो, त्यांच्याशी वाद घालायचा तर शब्दकोश पुरणार नाही, पायपीट करावी लागेल.

‘पांडुरंग’ या नावाचे प्रकरण आणखी बोलके आहे. संस्कृतात पांडुरंग म्हणजे फिकट, पांढुरक्या वर्णाचा. आणि विटेवरचा देव? काळा, सावळा. या विसंगतीवर कितीतरी तोडगे निघाले: गाईंच्या खुरांची धूळ अंगावर बसून तो गोपाळ धवळला, हा त्यांतला मला सर्वांत आवडणारा. ढेऱ्यांसह अनेक अभ्यासकांचे उत्तर मात्र रूक्ष आहे. पंढरपुराचे जुने नाव कानडी वळणाचे ‘पंडरगे’. होयसळ राजा सोमेश्वराच्या १२३७च्या पंढरपुरातल्या लेखात भीमरथीच्या, म्हणजे भीमेच्या काठचे हे गाव त्याच नावाने येते. सोलापूरचे जुने नाव ‘सोन्नलगे’ होते, हे आठवले म्हणजे शेवटच्या ‘गे’चे नवल वाटत नाही. या पंडरग्याचे संस्कृतीकरण झाले तेव्हा पांडुरंग, पांडुरंगपूर ही रूपे पुढे आली आणि गावाचे नाव देवाला चिकटले. हे खरे असेल तर ‘पांढरा’ हा अर्थ देवाबद्दल काहीही सांगत नाही. एका कानडी गावाच्या नावाला संस्कृत पंडितांनी कसे कान लावले, एवढेच तो सांगतो. उलट हेमचंद्राच्या देशी शब्दांच्या कोशात ‘पंडरंग’ हा शब्द रुद्रासाठी आला आहे, म्हणून इथे मुळात शिवस्थान असावे असेही म्हणता येते आणि म्हटले गेले आहे. शब्दावरून उडी मारायची म्हटली की शैव, वैष्णव, बौद्ध, सगळे काठ सारख्याच अंतरावर दिसू लागतात.

ज्ञानदेवांच्या ‘कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु’ या ओळीचे आपण काय केले तेही पाहण्यासारखे आहे. ओळ सरळ वाचली तर कर्नाटकातला कानडी विठ्ठल. पण हे ज्यांना रुचले नाही त्यांनी ‘कानडा’ म्हणजे अगम्य आणि ‘कर्नाटकु’ म्हणजे करणी करणारा, नाटक्या, असा अर्थ काढला. न्यायाने बोलायचे तर यातला अर्धा भाग निराधार नाही, कारण जुन्या मराठीत ‘कानडे’ हा शब्द दुर्बोध या अर्थीही येतो आणि ज्ञानदेवांसारख्या कवीने दोन्ही अर्थ एकाच वेळी वाजवले असतील, हे मला सहज शक्य वाटते. मात्र ‘कर्नाटकु’ची फोड करताना हेतू उघडा पडतो. शेजारच्या भाषेला देव द्यायचा नाही म्हणून कवितेचा हात पिरगाळायचा, हे भक्तीत बसते की सीमावादात? गंमत अशी की पुरंदरदासांनी आपल्या शेकडो कानडी पदांवर ‘पुरंदरविठ्ठल’ ही मुद्रा उमटवली, विजयनगरच्या राजांच्या काळात हंपीला विठ्ठलाचे देखणे देऊळ उभे राहिले, वल्लभाचार्यांच्या मुलाचे नाव विठ्ठलनाथ होते आणि गुजरातेत विठ्ठलभाई घरोघर झाले. तरीही यामुळे पंढरीची गर्दी कमी झाल्याचे कोणी सांगत नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. कोणी म्हणेल, संस्कृतीकरण हा निरुपद्रवी शब्दखेळ नाही. नाव बदलले की कथा बदलते, कथा बदलली की पूजेचा अधिकार बदलतो, आणि ज्यांचा देव होता तेच दाराबाहेर जातात. म्हणून मूळ शब्द शोधणे हा हक्काचा प्रश्न आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि बऱ्याच अंशी मान्य आहे. कर्नाटकातला मैलार आणि आपला मल्लारि, म्हणजे खंडोबा, यांचे उदाहरण घ्या. मल्लाचा अरि अशी फोड एकदा झाली की मल्ल नावाचा दैत्य हवाच, त्याच्या वधाची कथा हवीच आणि ती सांगणारे संस्कृत माहात्म्यही हवेच. नावाने इथे पुराण प्रसवले, असे मानायला भरपूर जागा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला पंढरपूरचा पांडुरंग हा बुद्धच असल्याचे प्रतिपादन केले, त्यामागेही कोणाचे काय हिरावले गेले हाच प्रश्न होता. पुंडलिक म्हणजे पुंडरीक, कमळ, आणि त्यावरून पांडुरंग, ही त्यांनी लावलेली शब्दांची साखळी मला कच्ची वाटते. पण विठ्ठलाला ‘बौद्ध’ अवतार म्हणणाऱ्या संतांच्या ओळी आणि दशावतारांच्या चित्रांत बुद्धाच्या जागी उभा असलेला विठोबा हे पुरावे त्या साखळीहून कितीतरी बळकट आहेत. व्युत्पत्तीवर भर दिल्याने त्यांच्या प्रश्नाची धार वाढत नाही. प्रतिपक्षाला मात्र एक कमकुवत दुवा तोडून सगळा प्रश्नच मोडीत काढल्याचे समाधान मिळते.

आणि हक्काचाच प्रश्न असेल तर पंढरपुराचा इतिहास काय सांगतो? ज्ञानशून्यांना जवळ घेणारा तो विठ्ठल, असा अर्थ संस्कृतात लिहिला जात होता, त्या काळात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर होती आणि त्यांच्या जातीची माणसेही बाहेरच होती. नावाचा अर्थ दार उघडा म्हणत होता आणि दार बंद होते. त्या अर्थाने शंभर-दीडशे वर्षांत कडीसुद्धा हलवली नाही. कडी निघाली ती मे १९४७मध्ये, साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण करून प्राण पणाला लावले तेव्हा. गुरुजींनी ‘विठ्ठल’ शब्दाची कोणती व्युत्पत्ती पुढे केली होती? बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क गेले ते कायद्याने आणि २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. तिथेही शब्द कानडी की संस्कृत यावर काही अडलेले नव्हते. उद्या हा शब्द निःसंशय कानडी ठरला तर धनगरांना पूजेचा मान मिळणार आहे काय, किंवा निःसंशय संस्कृत ठरला तर त्यांची यात्रा बंद होणार आहे काय?

भारतीय शास्त्रचर्चेला हा पेच अपरिचित नव्हता. ‘योगाद् रूढिर्बलीयसी’, म्हणजे अवयवांतून निघणाऱ्या अर्थापेक्षा रूढीने ठरलेला अर्थ बलवान, असा न्याय तिने घालून दिला. कुशल म्हणजे कुश कापून आणणारा आणि मंडप म्हणजे पेज पिणारा, असे व्युत्पत्ती सांगते. म्हणून लग्नाच्या मंडपात पेज शोधत कोणी फिरत नाही. देवाच्या नावाला मात्र आपण हा न्याय लावायला तयार नसतो. तिथे अवयव हेच आपल्याला अंतिम सत्य वाटू लागते.

आणि विठ्ठल या नावाची रूढी तरी कोणी घडवली? पंढरपूरच्या देवळातल्या, शके ११९५पासूनच्या चौऱ्यांशीच्या शिलालेखात देवाला पैका देणाऱ्या भक्तांची यादी आहे. हेमाद्री पंडित आणि रामदेवराव यादव यांची नावे त्या लेखात येतात, त्याचबरोबर कुठल्याही बखरीत न सापडणाऱ्या सामान्यांचीही येतात. त्यानंतर संतांनी या नावाचे जे केले ते पाहिले की वैयाकरणांनी हात टेकावेत. पुल्लिंगी विठ्ठलाची त्यांनी विठाई केली, विठाबाई केली, माऊली केली. संस्कृत ‘विष्ठल’ घ्या, कानडी ‘बिट्टि’ घ्या, कुठल्या मुळातून आई निघते? तरी आज वारकऱ्याला या नावाचा पहिला अर्थ विचारला तर तो आई असाच सांगेल. लेकुरवाळा विठू म्हणजे खांद्यावर, कडेवर संतांची पोरे घेतलेला बाप, हे चित्रही असेच कुठल्याही धातुपाठात नसलेले. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई तर याच्या पलीकडे गेली. दळणकांडण करणाऱ्या त्या बाईने देवाला नुसते एकेरीत हाक मारून समाधान मानले नाही, ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ अशी शिवी घातली. या ‘विठ्या’चे मूळ संस्कृतात शोधायचे की कानडीत, हे तिन्ही पक्षांनी एकदा बसून ठरवावे, तोवर जनाबाईचे जाते थांबलेले नाही.